धाव

बैलगाडीच्या लाकडी चाकावर जो लोखंडी पट्टा चढवलेला असतो, त्याला मराठीत धाव म्हणतात. लोहार ही धाव गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवतो, फुगलेली धाव चाकावर बसवतो आणि लगेच तिच्यावर पाणी ओततो. लोखंड आकसते आणि लाकडाला असे आवळून धरते, की मग ते चाक वर्षानुवर्षे निखळत नाही. भार लाकडाने पेलायचा आणि रस्त्याशी झिजायचे ते धावेने, अशी ही वाटणी आहे. झिजणारा भाग वेगळा असावा, तो बदलता यावा आणि तो बदलण्याचा खर्च गाडीच्या मिळकतीतून निघावा, हा हिशेब गाडीवानाला फार पूर्वीच कळला होता. सायकलीच्या टायरला मात्र मराठीने हा शब्द दिला नाही. परका शब्दच रुळला. तरीही सायकल-शर्यतीत उतरणाऱ्या हौशी खेळाडूपुढे दर मोसमाला जो प्रश्न उभा राहतो, तो मूळचा गाडीवानाचाच आहे. किती पैसे मोजायचे, आणि ते किती दिवसांत रस्त्यावर झिजवून टाकायचे?

‘हौशी’ हा शब्दही येथे जरा फसवा आहे. ज्या खेळाडूंच्या मागे रेल्वे किंवा सेनादलासारखे खाते उभे आहे, त्यांना टायर मागून मिळतो. बाकीच्यांना तो विकत घ्यावा लागतो. पुण्यातल्या एखाद्या वाड्यात किंवा सांगलीकडच्या एखाद्या गावात राहणारा मुलगा जुनी, दुसऱ्याने वापरलेली शर्यतीची सायकल मिळवतो, पहाटे चार वाजता उठून रस्त्याला लागतो आणि आठ वाजता कामावर किंवा महाविद्यालयात हजर होतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांआधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणत. त्या किताबाच्या गोष्टी त्याने लहानपणापासून ऐकलेल्या असतात. पण त्याच्या घरच्यांना त्या किताबाहून अधिक समजते ते खेळाडूंच्या कोट्यातून मिळणाऱ्या नोकरीचे मोल. जिल्ह्याचे पदक, मग राज्याचे, मग कदाचित खात्याचे बोलावणे, अशी ती शिडी आहे. तेव्हा ही हौस आहे हे खरे. पण तिच्यात एका घराची पुढची तीस वर्षे गुंतलेली असतात, आणि त्या शिडीची पहिली पायरी रबराची असते.

सायकल आणि स्वार यांचे मिळून वजन ऐंशी किलो धरले आणि टायरमध्ये शंभर पौंडांची, म्हणजे चौरस सेंटिमीटरला सुमारे सात किलोची हवा भरली, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला किती टेकतात? अकरा-साडेअकरा चौरस सेंटिमीटर. टपालाच्या दोन तिकिटांएवढी ही जागा. वळणावर झुकलेली सायकल, ओल्या रस्त्यावर दाबलेला ब्रेक, घाटउतारावरचा ताशी साठ किलोमीटरचा वेग, हे सारे त्या दोन तिकिटांवर तोललेले असते. टायर निवडणे म्हणजे ती दोन तिकिटे कशाची असावीत हे ठरवणे.

हवेचा टायर पहिल्यांदा सुचला तो स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनला. त्याने १८४५ साली त्याचे एकस्वही घेतले. पण तेव्हा आजच्यासारखी सायकलच नव्हती, आणि ती कल्पना विस्मरणात गेली. १८८८ साली बेलफास्टमधला जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तीच युक्ती नव्याने शोधली. पुढच्याच वर्षी, १८८९च्या मे महिन्यात, विल्यम ह्यूम या सायकलपटूने बेलफास्टच्या मैदानावर ते जाडजूड टायर लावून शर्यती जिंकल्या आणि भरीव रबराचे दिवस भरले. मात्र हौशी खेळाडूने मनाशी धरावा असा प्रसंग याच्या दोन वर्षांनंतरचा आहे. १८९१ साली पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत पॅरिसला येण्याची सुमारे बाराशे किलोमीटरांची शर्यत झाली. डनलॉपचा टायर तेव्हा रिमला चिकटवलेला असे. पंक्चर काढायचे तर तो सोडवा, मग पुन्हा चिकटवून वाळण्याची वाट पाहा. एदुआर मिशलँ याने रिमवरून काढता-घालता येणारा टायर बनवला होता. तो लावून निघालेला शार्ल तेराँ ती शर्यत जिंकला. टायर अधिक वेगाने पळतो म्हणून तो निवडला गेला नव्हता. वाटेत बिघडला तर तो आपल्या हातांनी लवकर दुरुस्त होतो, हा त्याचा गुण होता. शर्यतीच्या टायरविषयी बोलताना वजनाचा आणि वेगाचा उल्लेख आधी होतो, या गुणाचा फार उशिरा होतो.

भारतात या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. रबराचे झाड मूळचे ब्राझीलचे; १९०२ साली पेरियार नदीच्या काठी तट्टेकाड येथे त्याची पहिली व्यापारी लागवड झाली, आणि आजही देशातले बहुतेक नैसर्गिक रबर केरळातूनच येते. तिथला चीक काढणारा मजूरही पहाटेच उठतो, कारण ऊन चढले की चीक वाहायचा थांबतो. हुगळीच्या काठी साहागंजला डनलॉपचा कारखाना १९३६ साली उभा राहिला. आज तो बंद आहे. लुधियानात सायकली आणि टायर आजही प्रचंड संख्येने बनतात. म्हणजे झाड आपले, कारखाने आपले, रस्ते तर आपले आहेतच. तरी शर्यतीचा उत्तम टायर बाहेरून येतो, आणि त्याच्या एका जोडीच्या पैशांत साधी काळी सायकल घरात येऊ शकते. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. आपल्या कारखान्यांनी ज्याची गरज होती तेच बनवले: दुधाच्या किटल्या, गॅसची टाकी, मागे बायको आणि पुढे दांडीवर मूल, असा भार वाहणारा अठ्ठावीस इंची, दीड इंच रुंदीचा टायर. तो काट्याकुट्यांतून जातो, कमी हवेवर चालतो आणि वर्षानुवर्षे टिकतो. शर्यत ही त्याची जात नव्हे, एवढेच. हौशी खेळाडूला जे हवे ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि ते दुकानाच्या काचेआड सहसा मांडलेले नसते.

ते हुडकून देणारा माणूस म्हणजे मिस्त्री. शर्यतीच्या मुलांचा एक मिस्त्री ठरलेला असतो. त्याला काका म्हणतात आणि त्याचा शब्द प्रशिक्षकापेक्षा अधिक मानतात. काका टायर हातात घेतात तेव्हा आधी त्याची नक्षी बघत नाहीत. गुळगुळीत डांबरी रस्त्यावर सायकलीच्या टायरला नक्षीचा फारसा उपयोग नसतो. ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी असते. ते टायर दोन बोटांत चिमटतात, बाजूची भिंत दुमडून उजेडात धरतात. कापडात इंचाला किती धागे आहेत यावर टायरचा स्वभाव ठरतो. स्वस्त टायरात साठ किंवा त्याहून कमी जाड धागे असतात, महागात एकशे वीस बारीक. इचलकरंजीच्या मागावरचे कापड पाहिलेल्याला येथे एक नवल दिसेल: टायरच्या कापडात ताणा आहे, बाणा नाही. आडवे-उभे विणलेले धागे चाकाखाली एकमेकांना घासून तुटत, म्हणून ते नुसते समांतर ठेवतात आणि एका थरावर दुसरा थर तिरपा बसवतात. बारीक धाग्यांचे अंग मऊ असते, ते सहज वाकते आणि पूर्ववत होते. रबराचा धर्मच असा, की वाकताना घेतलेली सगळी शक्ती ते सरळ होताना परत देत नाही. थोडी उष्णतेत गमावते. मऊ अंगाचा टायर कमी गमावतो, म्हणून पळतो. आणि त्याच मऊपणामुळे काचेच्या पहिल्या तुकड्याला शरण जातो.

रबरातही असेच आहे. मुळात रबराचा रंग फिकट. त्यात काजळी मिसळतात म्हणून टायर काळा दिसतो, आणि ती काजळीच त्याला झिजण्यापासून वाचवते. पकड हवी असेल तर रबर मऊ करावे लागते, टिकाऊपणा हवा तर कठीण. पळणे, धरणे आणि टिकणे या तिन्ही गोष्टी एकदम हव्या असतील तर त्यांची किंमत पडते. ती जिथे देता येत नाही तिथे त्यांतले काय सोडायचे हे ठरवावे लागते. काका आणखी एक गोष्ट पाहतात. टायर किती दिवस दुकानात लोंबकळत आहे? ऊन आणि हवेतला ओझोन यांनी न वापरताही रबर म्हातारे होते, भिंतीवर केसासारख्या भेगा पडतात. सवलतीत मिळणारा परदेशी टायर बऱ्याचदा असा म्हातारा असतो. त्यापेक्षा ताजा, साधा, जाड पाठीचा टायर घ्यावा असे त्यांचे मत, आणि ते खोडून काढणे कठीण आहे.

आता हिशेब. आठवड्याला तीनशे किलोमीटर सराव करणारा मुलगा परीक्षा, आजारपण, अतिवृष्टी हे सारे वगळून वर्षात चौदा हजार किलोमीटर सहज करतो. शर्यतीचा हलका टायर मागच्या चाकावर साधारण तीन-चार हजार किलोमीटर टिकतो. म्हणजे वर्षाला चार. सरावाचा जाड टायर त्याच्या दुप्पट जातो आणि किमतीने निम्माही नसतो. या जाड टायरांमुळे गमावते ते किती? दोन्ही मिळून साधारण दहा ते वीस वॅट. आणि चांगला हौशी सायकलपटू तासभर दोनशे-अडीचशे वॅट देऊ शकतो. हा फरक थोडा नव्हे. पण घोळक्यात दुसऱ्याच्या मागे दडून वारा चुकवला, तर त्याहून पुष्कळ अधिक वाचते, आणि त्याला पैसे पडत नाहीत. उलट पंक्चरचे गणित पाहावे. मुख्य घोळका ताशी चाळीस किलोमीटरने जात असता पाच मिनिटे थांबलेला मुलगा सव्वातीन किलोमीटरहून अधिक मागे पडतो. मोठ्या संघांच्या मोटारी असतात, सुटी चाके असतात. याच्यासाठी कोणी थांबणार नाही. त्याची शर्यत तिथेच संपली.

म्हणून शहाणी मुले वर्षभर जाड टायरवर राबतात आणि एक हलकी जोडी अंधाऱ्या कपाटात, उन्हापासून आणि विजेच्या मोटरपासून दूर जपून ठेवतात. ती शर्यतीच्या सकाळी मात्र चढवत नाहीत. साच्यातून निघालेल्या नव्या टायरवर एक निसरडा थर असतो, तो चाळीस-पन्नास किलोमीटरांत निघून गेल्यावरच टायरवर विश्वास ठेवता येतो.

अलीकडे एक गोष्ट या मुलांच्या बाजूने घडली आहे. बारीक टायर तो वेगवान, असे शंभर वर्षे मानले गेले. तेवीस मिलिमीटरचा टायर ही प्रतिष्ठेची खूण होती. गेल्या काही वर्षांत मोजमापे झाली आणि असे आढळले, की खडबडीत रस्त्यावर दगडासारखा फुगवलेला बारीक टायर स्वाराला उडवतो आणि त्या उडवण्यातच शक्ती वाया जाते. युरोपातले व्यावसायिक स्वार आधी पंचविसावर, मग अठ्ठाविसावर आणि त्यापुढे गेले. आपल्याकडे खड्डे चुकवणारी मुले गरिबीपायी जो रुंद टायर लावत होती, तो आता शास्त्रसंमत झाला. जुन्या सायकलीच्या ब्रेकखाली तो मावला म्हणजे झाले.

पण या साऱ्या हिशेबात एक जागा अशी आहे, जिथे काका कठोर होतात. सासवडहून पुण्याकडे परतताना दिवे घाट उतरावा लागतो. ज्या वाटेने आषाढात ज्ञानेश्वरांची पालखी पावलापावलाने चढते, त्याच वाटेने ही मुले काही मिनिटांत खाली येतात. स्वाराचा अधिक भार मागच्या चाकावर असतो आणि जोरही त्यालाच लागतो, म्हणून मागचा टायर आधी झिजतो. त्याच्या गोल पाठीवर सपाट पट्टा पडतो, मग पट्ट्याखालून धागे डोकावू लागतात. घरात पैसे नसले की मुलगा म्हणतो, आणखी एक महिना जाईल. आणि मग त्याला एक सोपी युक्ती सुचते: पुढचा टायर अजून चांगला आहे, तो मागे घालू आणि मागचा पुढे. अर्धी युक्ती बरोबर आहे. पुढचा खुशाल मागे न्यावा. पण झिजलेला पुढे आणू नये. मागचा टायर फुटला तर सायकल शेपूट हलवते आणि बहुधा सावरता येते. वळणावर पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही, आणि घाटात रस्त्याच्या एका अंगाला दरी असते, दुसऱ्या अंगाला समोरून येणारा ट्रक.

एकच नवा टायर घेण्याइतके पैसे असतील, तर तो पुढे जातो, पुढचा मागे जातो आणि मागचा निवृत्त होतो. काही मुले यावर हुज्जत घालतात. काका उत्तर देत नाहीत. मागचा टायर उतरवतात आणि कात्री घेतात.

त्या टायरच्या न झिजलेल्या भिंतीतून बोटभर लांबीचे चार-पाच तुकडे निघतात. त्यांना दुकानात गेटर म्हणतात. वाटेत टायर चिरला, तर ट्यूब आणि चीर यांच्यामध्ये असा तुकडा सरकवला की सायकल घरापर्यंत येते. कडा कानशीने पातळ कराव्या लागतात, नाहीतर त्याच ट्यूबला कापतात. मुलगा दोन तुकडे घेतो आणि सोल्यूशनची नळी, कानस, पॅच यांच्याबरोबर सीटखालच्या पिशवीत ठेवतो. बाकीचे काका खिळ्याला अडकवून ठेवतात, दुसऱ्या कोणासाठी.