क्योटो ते नागासाकी

आमच्या धर्मग्रामातील काही कुटुंबांसह प्रथमच जपानला जावयाचे ठरले, तेव्हा पैशांहूनही अवघड प्रश्न पुढे आला : आठ दिवसांत कोणती शहरे पाहावयाची? एका प्रवासी संस्थेच्या पत्रकात टोकिओ, फुजी पर्वत, क्योटो आणि ओसाका असा क्रम होता. नागासाकीचे नावही नव्हते. वसईकरांनी जपानला जाऊन नागासाकी चुकवावे, हे आम्हांला वऱ्हाड निघून लग्नघर चुकविण्यासारखे वाटले.

संत गोन्सालो गार्सिया सोळाव्या शतकात वसईत जन्मले. येशूसंघीयांबरोबर ते जपानला गेले, पुढे व्यापारात रमले, मनिला येथे फ्रान्सिस्कन ब्रदर झाले आणि १५९३ साली दुभाषे म्हणून पुन्हा जपानात परतले. हिदेयोशीच्या हुकमावरून क्योटो शहरात त्यांच्या व सोबत्यांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला आणि ऐन हिवाळ्यात सर्वांना नागासाकीकडे चालविण्यात आले. निघाले तेव्हा ते चोवीस होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. लहानगा लुईस अवघा बारा वर्षांचा. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस उभे राहिले.

ही वाट नकाशावर पाहिली आणि शहरांची निवड जणू आपोआप झाली. क्योटो, ओसाका, हिरोशिमा, हाकाता, नागासाकी : आज वेगवान रेल्वेही साधारण याच दिशेने धावते. ज्या अंतराला हुतात्म्यांना सुमारे महिना लागला, ते आता दिवसाच्या आत कापता येते. विमानाने ओसाकाला उतरावे आणि फुकुओकाहून परतावे, म्हणजे मागे फिरण्यात एक दिवस वाया जात नाही.

टोकिओ मात्र सुटले. तरुण मंडळी हिरमुसली आणि त्यांचे म्हणणे काही खोटे नव्हते. जपानला जाऊन राजधानी न पाहणे ही उणीवच. तीन दिवस टोकिओला दिले असते, तर नागासाकीच्या वाट्याला एक दुपार उरली असती. एका दुपारीत निशिझाका होईल, ओउराचे चर्च होणार नाही. त्या चर्चमध्ये मार्च १८६५ मध्ये उराकामीचे काही गावकरी फादर पेतीजाँ यांच्याकडे आले आणि आपली श्रद्धा त्यांनी हळूच प्रकट केली. अडीचशे वर्षे धर्मगुरूंवाचून त्यांनी ती घरात जपली होती. पुढे त्याच उराकामीच्या कॅथेड्रलवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्बचा घाला आला. त्या वेळी आत पापनिवेदन चालू होते. हे सारे घाईघाईने पाहून छायाचित्रे काढावयाची असतील, तर घरीच बसलेले बरे, असे आमचे मत आम्ही सभेत स्पष्ट सांगितले. नागासाकीस तीन रात्री मुक्काम ठरला. हिरोशिमास वाटेत एक दिवस. क्योटो येथे दोन रात्री. तेथील देवळे आणि बागा आमच्या मंडळींनी आदराने पाहाव्यात, अशीही आमची इच्छा आहे.

सभा संपल्यावर एका वयस्क मावशींनी विचारले, “फादर, त्या टेकडीला पायऱ्या किती?” निशिझाका स्थानकापासून चालत अगदी जवळ आहे, थोडासा चढ आहे, असे आम्ही सांगितले. ओउराची चढण अधिक आहे, हेही सांगितले. मावशींनी गुडघ्याचा पट्टा घेण्याचे मान्य केले आणि आपले नाव यादीत घालावयास सांगितले.