ओसुमींचे यीस्ट आणि आमची एकादशी

आषाढ शुद्ध दशमीस सायंकाळी आमच्या पलासियातील घरी भजनास मंडळी जमतात, हा पुष्कळ वर्षांचा रिवाज आहे. गोव्याहून येऊन इंदुरास स्थायिक झालेली आमच्या ज्ञातीची कुटुंबे फार नाहीत. कुलदेवता दूर राहिल्या, तेव्हा ज्याच्या घरी चार टाळ आणि एक पेटी असेल त्याचे घर त्या संध्याकाळपुरते देऊळ होते. भजन आटोपल्यावर कोणी तरी चार शब्द बोलावेत अशी प्रथा असून, वयाच्या मानाने ते काम अलीकडे आमच्याकडे आले आहे. दोन वर्षांपूर्वीच्या दशमीस आम्ही जे चार शब्द बोललो, त्यांचीच ही हकीगत होय.

त्या दिवशी सकाळी आमच्या मोबाइलवर एक मजकूर आला होता. योशिनोरी ओसुमी नामक जपानी शास्त्रज्ञास २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले ते उपवासाचे महत्त्व सिद्ध केल्याबद्दल. पंधरवड्यातून एक दिवस निराहार राहिले म्हणजे शरीर आपल्याच रोगट पेशी खाऊन टाकते. आणि आपल्या पूर्वजांनी हे ओळखूनच एकादशी सांगितली, असा त्याचा आशय. मजकूर कोणी लिहिला, कशावरून लिहिला, हे पाहण्याचे आमच्या मनातही आले नाही. त्यात आपले थोडे वक्तृत्व मिसळून आम्ही तो मंडळींस ऐकवला. माना डोलल्या. आमची छाती किंचित फुगली, हे कबूल केले पाहिजे.

श्रोत्यांत आमच्या वहिनीही होत्या. वहिनींचे माहेर काणकोणचे, पर्तगाळी मठाच्या परंपरेतले. तेथे एकादशी म्हणजे निराहार, तिच्यात साबूदाण्याची सवलत नाही. पुढे त्यांना मधुमेह जडला आणि डॉक्टरांच्या आज्ञेवरून त्या एकादशीस दूध व केळे घेऊ लागल्या. आपण व्रत पाळतो खरे, पण उष्टावून पाळतो, ही खंत त्यांच्या मनात घर करून होती. ती आम्हांस ठाऊक नव्हती, असेही नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी पाण्यावाचून काही घेतले नाही. मात्र साखर उतरविण्याची गोळी नित्याच्या सवयीने सकाळीच घेतली. तिसऱ्या प्रहरी आम्ही देवघराशी पाहतो तो त्या घामाने निथळत होत्या, हात कापत होते, आणि आमच्याकडे पाहून त्यांनी हाक मारली ती आमच्या दिवंगत बंधूंच्या नावाने. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना रुग्णालयात नेईपर्यंतचा तो पाव तास आम्हांस आजही स्वप्नात दिसतो.

शिरेतून साखर गेल्यावर वहिनी हळूहळू सावध झाल्या. डोळे उघडून पहिले शब्द बोलल्या ते कोंकणीत: "म्हाका कांय जावंक ना. म्हजी एकादस मोडली?"

रात्री त्यांची कन्या, म्हणजे आमची पुतणी, कामावरून परस्पर तेथे आली. ती सुखनिवासाकडील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या यंत्रावर संशोधन करते. आईच्या कपाळावर हात ठेवून ती बराच वेळ उभी राहिली. दशमीचा वृत्तांत तिला कोणी तरी सांगितला असावा. ती रागावली असती तर आम्हांस बरे वाटले असते. ती एवढेच म्हणाली, "काका, ओसुमींनी उपास घडवला तो कोणाला, ठाऊक आहे? यीस्टला."

आम्ही गप्प राहिलो. यीस्ट म्हणजे ज्या सूक्ष्म जीवाने पाव फुगतो आणि गोव्यात सुरीच्या योगाने सान्ना फुगतात, तोच. पुतणीने त्या रात्री सांगितले व पुढे आम्ही स्वतः वाचून खात्री करून घेतली, ते असे. १९८८ साली, वयाच्या ४३ व्या वर्षी, ओसुमींना टोकियो विद्यापीठात स्वतःची लहानशी प्रयोगशाळा मिळाली. यीस्टच्या पेशीत एक पोकळी असते. तिला रिक्तिका म्हणतात. पेशीचा केरकचरा टाकण्याची जागा, अशी तिची त्या काळची ख्याती. तिच्याकडे फारसे कोणी वळत नसे. ओसुमींनी असे यीस्ट घेतले की ज्याच्या रिक्तिकेत आलेला माल जिरविणारे पाचक द्रव्य नाही. मग त्याच्या अन्नातून नायट्रोजन काढून टाकला आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसले. काही तासांत ती रिकामी पोकळी बारीक बारीक गोळ्यांनी भरून गेली, आणि ते गोळे आत सारखे नाचू लागले. उपाशी पेशी आपलाच काही भाग पुडीत बांधून रिक्तिकेत टाकीत होती. जिरविणारे द्रव्य नसल्यामुळे त्या पुड्या तशाच राहिल्या आणि म्हणूनच दिसल्या. १९९३ साली त्यांनी व त्यांच्या विद्यार्थिनीने या क्रियेस आवश्यक असे १५ जनुक शोधून दाखविले. हीच क्रिया पुढे प्राण्यांत व माणसांतही असल्याचे आढळले. तिला स्वभक्षण म्हणता येईल.

नोबेल मिळाले ते या क्रियेची यंत्रणा उलगडल्याबद्दल. माणसाने किती तास उपाशी राहावे, हे त्या शोधात नाही. मधुमेही बाईने गोळी घेऊन निराहार राहावे, हे तर कोणत्याच शोधात नाही.

झोप येणे शक्य नव्हते. आम्ही खाटेशेजारी बसून वहिनींच्या बोटावरील चिमट्याकडे पाहत होतो. २०२० च्या साथीत घरोघर पोहोचलेला तो रक्तातील प्राणवायू मोजणारा चिमटा. पुतणी म्हणाली, "हाही जपानचाच." ताकुओ आओयागी हे एका वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत अभियंता होते. सुई न टोचता, कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून, हृदय किती रक्त फेकते ते मोजावे असा त्यांचा प्रयत्न होता. पण नाडीच्या ठोक्यांमुळे रेघ सारखी थरथरे आणि मोजणी बिघडे. ती थरथर घालविण्यासाठी ते झगडले, आणि झगडता झगडता त्यांच्या ध्यानात आले की तिचे प्रमाण रक्तातील प्राणवायूबरोबर बदलते आहे. विघ्नच मोजमाप झाले! १९७४ साली त्यांनी ही रीत मांडली. २०२० च्या एप्रिलमध्ये, सारे जग तो चिमटा शोधीत असता, आओयागी वारले.

वहिनींच्या गोळ्यांची डबी आमच्या खिशात होती. तिच्यात रक्तातील चरबी उतरविणारी एक गोळी असते. तिचे कूळही जपानीच निघाले. अकिरा एंडो यांनी एका औषधनिर्मात्याच्या प्रयोगशाळेत १९७१ पासून दोन वर्षे सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या. हवे ते द्रव्य सापडले ते क्योतोतील एका धान्याच्या दुकानातील तांदळावरच्या बुरशीत. उंदरांवर त्याचा परिणाम होईना, तेव्हा सहकारी निराश झाले. मग कोणास तरी कोंबड्या सुचल्या. अंड्याच्या बलकात ती चरबी भरपूर, तेव्हा कोंबडीच्या रक्तातही ती असणारच. कोंबड्यांत ती झपाट्याने उतरली. ते पहिले द्रव्य बाजारात कधीच आले नाही. त्याच्या भावंडांची औषधे १९८७ पासून विकली जाऊ लागली. एंडो २०२४ साली निवर्तले. नोबेल त्यांना मिळाले नाही.

डोक्यावर पांढरा दिवा जळत होता. त्याच्या पोटात निळा प्रकाश देणारा स्फटिक असतो, आणि त्याबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले, एवढे आम्हांस आधीच ठाऊक होते. ते आम्ही पुतणीस सांगितलेही. पण त्या रात्री आमच्या विद्वत्तेचे कोणास कौतुक नव्हते.

पुतणी एकदा जपानात त्सुकुबा येथे जाऊन आली आहे. तेथील फोटॉन फॅक्टरी आणि आपले इंडस-२ ही दोन्ही यंत्रे इलेक्ट्रॉनांना २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्याच ऊर्जेने फिरवितात, आणि तेथे भारताच्या विज्ञान खात्याच्या साहाय्याने उभारलेली एक किरणवाहिनीही आहे. "तिकडे एक गोष्ट कानावर पडली ती विसरत नाही," ती म्हणाली. कामिओकाच्या खाणीत, डोंगराखाली सुमारे एक हजार मीटर खोल, मासातोशी कोशिबा यांनी पाण्याची प्रचंड टाकी बांधली, ती प्रोटॉन कधी मोडतो का ते पाहण्यासाठी. १९८३ पासून वाट पाहिली. प्रोटॉन मोडला नाही. मोडला नाही असेच त्यांनी जाहीर केले. मात्र २३ फेब्रुवारी १९८७ रोजी एका दूरच्या स्फोट पावलेल्या ताऱ्याकडून आलेले ११ न्यूट्रिनो त्या टाकीत सापडले, आणि २००२ साली कोशिबांना नोबेल मिळाले. खाणीत उतरून न्यूट्रिनो पकडण्याचे काम त्यापूर्वी १९६५ मध्ये आपल्याच कोलारच्या सोन्याच्या खाणीत झाले होते. मुंबईची टाटा संस्था, ओसाका आणि इंग्लंडातील डरहॅम यांनी मिळून ते केले.

इतके बोलून ती आईच्या पायाशी डोके टेकून झोपली. "मोडला नाही असेच जाहीर केले," हे तिने आम्हांस उद्देशून म्हटले की सहज, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.

द्वादशीस सकाळी घरून उकड्या तांदळाची पेज आली. वहिनींनी पारणे त्या पेजेनेच फेडले. आमच्या मनात मात्र जपान घोळतच होता. त्या देशात पांढऱ्याशुभ्र सडलेल्या तांदळाने बेरीबेरी नावाचा रोग पसरला होता. १८८२-८३ च्या एका लांबच्या सफरीत त्यांच्या युद्धनौकेवरील ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले व २५ दगावले. आरमाराचे वैद्य ताकाकी यांनी पुढल्या नौकेवर आहार बदलून तीच सफर करविली. मोजकेच आजारी पडले, मृत्यू एकही नाही. तरी लष्कराच्या वैद्यांना हा जंतूंचाच रोग वाटत राहिला, आणि रशियाशी झालेल्या युद्धात हजारो सैनिक त्या रोगाने गेले. १९१० साली उमेतारो सुझुकी यांनी तांदळाच्या कोंड्यातून ते जीवनद्रव्य वेगळे केले. आज त्यास आपण ब-१ म्हणतो. आमच्या कोकणगोव्यात भात टरफलासकट उकडतात, त्यामुळे कोंड्यातील ते द्रव्य दाण्यात मुरते. आमच्या आज्या हे जाणत होत्या असे आम्ही दशमीस बेधडक म्हटले असते. त्या जाणत नव्हत्या. त्यांना उकडा तांदूळ आवडत होता आणि तो पोटाला धरत होता.

घरी आल्यावर आम्ही धर्मशास्त्राचे पुस्तक काढले. व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी तेथे सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हवि, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. वहिनींचे दूध त्यात होते, केळे होते, गोळीही होती. हे पुस्तक आमच्या कपाटात चाळीस वर्षे आहे. ते न उघडता आम्ही मोबाइल उघडला होता.

गतवर्षी दशमीस भजनानंतर आम्ही उभे राहिलो आणि आधल्या वर्षी आपण असत्य सांगितले असे म्हणून यीस्टची गोष्ट सांगितली. एक वृद्ध स्नेही नाराज झाले. "म्हणजे एकादशी करू नये, असे का?" त्यांनी विचारले. "करावी," आम्ही म्हणालो, "पण विठोबाच्या नावाने करावी, ओसुमींच्या नावाने नको." त्यांचे समाधान झाले असे दिसले नाही. उठताना त्यांनी वहिनींना प्रकृतीचे विचारले, आमच्याशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी देवघरात बसल्या होत्या. शेजारी गोळ्यांची डबी आणि दुधाचा पेला. दुधावर साय आली होती, ती त्यांनी बोटाने बाजूस सारली आणि आमच्याकडे पाहत म्हणाल्या, "भावोजी, तुमचे यीस्ट आज काय घेणार?"

आम्हीही दूधच घेतले.