इंजिनाची आंघोळ

मागच्या महिन्यात गाडी सर्व्हिसिंगला दिली, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने कागदावर एक ओळ जास्तीची लिहिली: इंजिन फ्लश, साडेआठशे रुपये. "सर, ऑइल बघा किती काळं झालंय. इंजिन आतून धुऊन निघेल."

गाडी अब्बांची, अकरा वर्षांची. अम्मीला दर पंधरवड्याला चिपळूणहून कराडला डॉक्टरांकडे न्यावं लागतं, तेही कुंभार्ली घाटातून. तिथे गाडी बंद पडून चालणार नाही. साडेआठशेत घोर मिटत असेल तर काय हरकत आहे, असं वाटलं. पण मामूंची जीप आठवली.

मामू वडाप चालवायचे. कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी जुन्या ऑइलमध्ये रॉकेल ओतून इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं. जे काळंकुट्ट बाहेर पडलं ते बघून सगळे खूष. नवं ऑइल भरलं. तिसऱ्या दिवशी घाट उतरताना ऑइलचा लाल दिवा लागला. गाडीत पॅसेंजर, म्हणून मामूंनी पोफळीपर्यंत तशीच रेटली. बेअरिंगं गेली. खालची ऑइलची टाकी उघडली तर सुटलेला चिखल जाळीत अडकून बसला होता. वर तेल चढलंच नव्हतं. इंजिनच्या कामात मामींच्या दोन बांगड्या गेल्या.

बाटलीतलं औषध म्हणजे निव्वळ रॉकेल नव्हे, हे खरं. पण कामाची रीत तीच: चिखल सैल करायचा. शिवाय ऑइल काढलं तरी थोडं आत राहतंच, ते नव्या ऑइलला पातळ करतं.

मी गाडी आमच्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारला. आतलं लोखंड तपकिरी, पण स्वच्छ. "इथे काळं लोणी साचलं असतं तर बोललो असतो. ऑइल काळं होतं म्हणजे मळ धरून ठेवतंय. त्यात साबण असतोच." आणि लोणी असतं तर? "तर मग बाटलीला जास्त भ्यायचं. टाकी उतरवून हाताने साफ करायची, नाहीतर दोन-तीन वेळा निम्म्या किलोमीटरवर ऑइल बदलायचं. हळूहळू निघतं."

मग त्यांनी मलाच झापलं. गाडी रोज बाजारापर्यंत नेऊन परत आणता, इंजिन धड तापत नाही, आतलं पाणी उडत नाही, चिखल त्यानेच होतो. अब्बाही हेच म्हणायचे, आठवड्यातून एकदा तिला लांब न्या. आम्हाला वाटायचं, त्यांना फिरायला जायचंय.

मी ती ओळ खोडायला लावली. पुस्तिकेतल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर, एवढंच केलं. काउंटरवरच्या मुलाचा चेहरा पडला. बिचाऱ्याला बाटल्यांचं टार्गेट असावं.

कराडच्या वाटेवर अम्मीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मामूला नको सांगू हं."