मेंडेलीव्हचें रिकामें घर

मुलें मूलद्रव्यांचें कोष्टक पाढ्यासारखें घोकतात, याचें मज संस्कृतशिक्षकास वाईट वाटतें. त्यांत पाठांतरापेक्षां व्याकरण अधिक आहे. वर्णमालेंत ख, छ, ठ, थ, फ जसे उभ्या रांगेंत सगोत्र, तसेंच येथें लिथियम, सोडियम, पोटॅशियम. आडव्या ओळींत मात्र गुण पायरीपायरीनें पालटतात.

१८६९ सालीं रशियन पंडित मेंडेलीव्ह यानें तेव्हां ज्ञात असलेलीं ६३ मूलद्रव्यें अणुभाराच्या क्रमानें लावलीं. पण भार आणि स्वभाव यांचा तंटा पडे, तेथें त्यानें स्वभावाचा कौल घेतला. टेल्युरियम आयोडिनाहून जड. तरी त्यास अगोदर बसविलें. सिलिकॉनच्या खालचें द्रव्य कोणासच ठाऊक नव्हतें. शेजारचें ओढून तेथें कोंबण्याचा मोह पंडितांस सहज होतो! यानें घर रिकामें ठेविलें, आपल्या संस्कृतांतील ‘एक’ शब्द घेऊन त्यास ‘एकासिलिकॉन’ म्हटलें, आणि अणुभार ७२ असावा, असें १८७१ सालीं सांगितलें. १८८६ सालीं जर्मेनियम सांपडलें. त्याचा अणुभार ७२.६ आहे.

टेल्युरियमचा निवाडा मात्र त्याच्या मृत्यूनंतर लागला. १९१३ सालीं मोझ्लेनें क्ष-किरणांच्या प्रयोगांनीं दाखविलें कीं, क्रमाचा खरा आधार भार नव्हे, अणुगर्भांतील विद्युद्भार होय. आज कोष्टकांत ११८ मूलद्रव्यें आहेत. त्यांत टेल्युरियम ५२ वें, आयोडिन ५३ वें.