पेठांतील पायपीट

सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांना आम्ही डॉक्टर मंडळी एक साधा प्रश्न विचारतो : घरची भाजी कोण आणते? प्रश्न घरगुती वाटला तरी त्यामागे शास्त्र आहे. स्वतःची खरेदी स्वतः करता येणे ही वार्धक्यातील स्वावलंबनाची एक मान्य कसोटी आहे. तिला पाय लागतात, नजर लागते, हिशेब लागतो आणि परक्या माणसाशी बोलण्याची उमेदही लागते. म्हणून जिथे दुकाने चालण्याच्या अंतरावर आहेत, ती वस्ती आरोग्याची ठेवच होय. पुण्याच्या जुन्या पेठा अशा आहेत. एखादी सकाळ-दुपार सहकुटुंब तिथे पायी घालवावी.

भुयारी मेट्रोने कसबा पेठ स्थानकावर उतरावे आणि प्रथम तांबट आळी गाठावी. ही आळी दिसण्याआधी ऐकू येते. पेशवेकाळात कोकणातून आलेल्या तांबटांचे वंशज येथे आजही तांब्याची भांडी घडवतात. भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके उमटवण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. त्याने भांड्याला शोभा येते, शिवाय पत्राही कठीण होतो. मात्र ८५ डेसिबलहून मोठा आवाज रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षे कानी पडला, तर अंतःकर्णातील नाजूक पेशी निकामी होतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. भांड्याच्या किमतीवरून घासाघीस करताना कारागिराने मोजलेली ही दुसरी किंमतही ध्यानात असावी.

तांब्याचा हंडा किंवा तांब्या घेतलात, तर त्यात पाणी खुशाल ठेवावे; ताक, लिंबाचे सरबत, चिंचेचे सार मात्र ठेवू नये. आंबट पदार्थांत तांबे उतरते आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. स्वयंपाकाच्या भांड्यांना कल्हई करण्याची आपल्या आजीची शिस्त याच कारणासाठी होती.

तिथून अप्पा बळवंत चौकात यावे. पुस्तकांच्या दुकानांत मुले रमतात आणि वडीलधाऱ्यांना क्षणभर थांबायला निमित्त मिळते. पुढे तुळशीबाग. राममंदिराभोवतीच्या या बाजारात देवांच्या मूर्ती, भातुकलीची भांडी, पोळपाट-लाटणी, बांगड्या असा संसाराचा सारा पसारा मांडलेला असतो. गर्दी दाट असते. दमा किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी सणासुदीची संध्याकाळ टाळून सकाळीच यावे.

शेवटी मंडई. १८८६ साली खुली झालेली, अष्टकोनी मनोऱ्याची ही दगडी वास्तू प्रथम मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने ओळखली जाई. पुढे तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले. येथे चाकवत, आंबट चुका, चंदनबटवा, अंबाडी अशा, मोबाइलवरून मागवताना सहसा न आठवणाऱ्या पालेभाज्या हंगामाप्रमाणे भेटतात. जुडी निवडताना गाळ्यावरच्या मावशी ती कशी करावी हेही सांगतात. एकाकी वृद्धाला दिवसभरात लाभलेला तो एकमेव संवाद असू शकतो.

घरपोच सेवा आजारपणात उपकारकच आहे. परंतु आईवडिलांचे कष्ट वाचावेत म्हणून आपण प्रेमापोटी त्यांची सारीच खरेदी फोनवर उरकतो, तेव्हा त्यांचे चालणे, वाकणे, मोजणे आणि बोलणेही थोडे थोडे काढून घेतो. वापर थांबला की स्नायू झिजतात; वार्धक्यात तर फार लवकर. त्यापेक्षा त्यांच्यासह बाजारात जावे, त्यांच्या गतीने चालावे. जड पिशवी आपण घ्यावी, हलकी त्यांच्या हाती द्यावी, आणि पैसे मात्र त्यांनाच मोजू द्यावेत. पाण्याची बाटली, वेळेची औषधे, न घसरणारी पादत्राणे सोबत असावीत. परतीसाठी मंडईचे मेट्रो स्थानक जवळच आहे.