तेजाबाचं पाणी

पहाडगंजात मराठी कानावर पडते ती बहुतेक बृहन्महाराष्ट्र भवनाच्या आसपास. मामांची गलाईची भट्टी मात्र तिथून लांब, मेन बाजाराच्या मागच्या एका गल्लीत. परदेशी प्रवाशांना चांदीचे दागिने विकणारी दुकानं बाजारात बरीच आहेत. त्यांची मोड आणि कारागिरांच्या घासकामाची पूड मामांकडे येते, तिच्याबरोबर कधी कोणाचं जुनं सोनंही. मामा खानापूर तालुक्यातले. विटा, आटपाडी, तासगाव या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. दिल्लीत त्यांतली बरीचशी करोलबागेत आहेत, मामा तेवढे इकडे.

चांदी शुद्ध करायची त्यांची रीत जुनीच आहे. मोड वितळवून तिचे दाणे पाडायचे आणि ते शोऱ्याच्या तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात, विरघळवायचे. तेव्हा तपकिरी धूर उठतो आणि घशात खवखवतं. मग त्या द्रवात तांब्याची पट्टी सोडायची. तांबं विरघळत जातं आणि चांदी करड्या, मऊ चुऱ्याच्या रूपात तळाशी बसते. चांदी काढून घेतली की उरतं ते निळंशार पाणी. मोरचुदाची निळाई पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल, दोन्हींत तांबंच. त्या पाण्यात मामा लोखंडाचं भंगार टाकतात, तांबं त्याच्यावर येऊन बसतं आणि तेही विकलं जातं. त्यानंतरचं पाणी गटारात.

त्या शेवटच्या पाण्यासाठी मी त्यांच्याकडे जायला लागले. मी पेप्टाइडच्या जेलवर काम करते. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. तीच साखळी लांबत गेली की प्रथिन होतं. 2003 साली तेल अवीवच्या गाझित आणि रेखेस यांनी दाखवलं की फेनिलअॅलनीन या अमिनो आम्लाचे अवघे दोन मणी जोडले, तरी ते पाण्यात आपसूक एकमेकांना बिलगून सूक्ष्म नळ्या तयार करतात. अशाच छोट्या पेप्टाइडांना योग्य टोक जोडलं, तर त्यांचे तंतू होतात आणि शेवयांच्या गुंत्यासारखे एकमेकांत अडकून पाणी धरून ठेवतात. शंभर भाग जेलमध्ये पेप्टाइड जेमतेम एक भाग, बाकी सगळं पाणी, तरी कुपी उलटी केल्यावर खाली पडत नाही. तंतूंवर जे रासायनिक गट ठेवाल, त्यानुसार ते पाण्यातलं काहीतरी पकडतात. कोलकात्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये, जिथे रामन यांनी आपला परिणाम शोधला त्याच संस्थेत, अरिंदम बॅनर्जी यांच्या गटाने तीन अमिनो आम्लांच्या पेप्टाइडचं जेल वापरून सांडपाण्यातले रंग काढता येतात हे 2009 मध्ये मांडलं. रंग काढता येत असतील तर धातू का नाही, हा पुढचा प्रश्न अनेकांना पडला, मीही त्यांतलीच.

मामांनी जेलची कुपी हातात घेऊन हलवून पाहिली. "हे असलं थुलथुलीत आमचं पाणी धुणार व्हय?" थुलथुलीत हा शब्द बरोबर होता. नुसतं जेल वाहत्या पाण्यात टिकत नाही, म्हणून आम्ही ते समुद्री शेवाळापासून काढलेल्या अल्जिनेटच्या मण्यांत बांधतो.

"आणि भट्टीचं पाणी सरळ यात ओतलं तर?"

नाही चालणार, असं मी सांगितलं. तेजाबाच्या पाण्यात जेलचं काही खरं नसतं. आमच्या पेप्टाइडमध्ये हिस्टिडीन हे अमिनो आम्ल आहे, तांब्याला धरण्यात पटाईत. पण पाणी आंबट झालं की हिस्टिडीनच्या नायट्रोजनवर आधी हायड्रोजन येऊन बसतो आणि तांब्याला जागा उरत नाही. हाच गुण आम्हाला दुसरीकडे उपयोगी पडतो: भरलेलं जेल सौम्य आम्लानं धुतलं की धातू सुटतो आणि जेल पुन्हा वापरता येतं. म्हणजे भट्टीचं पाणी आधी चुन्यानं मारायला हवं. मामांनी चुन्याची पिशवी आणवली. पाण्याचा आंबटपणा गेला तसा साका खाली बसला आणि वरचं पाणी निवळलं. त्यात मी अमोनिया टाकून पाहिला. तांबं असेल तर गडद निळा रंग येतो. आला नाही. मामा माझ्याकडे बघत होते. "मग तुझं थुलथुलीत कशाला?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे गटारात सोडायच्या पाण्यात लिटरमागे 3 मिलिग्रॅमपर्यंत तांबं चालतं, आणि इतकं काम लोखंडाचं भंगार आणि चुना मिळून करतात. प्रयोगशाळेत ज्या तुलनेचं आम्हाला कौतुक असतं, ती बहुतेकदा एका जेलची दुसऱ्या जेलशी असते. चुन्याशी तुलना कोणी मांडत नाही, कारण चुन्यावर शोधनिबंध होत नाही.

पण एक धातू चुन्याला सहज दाद देत नाही. दागिन्यांवर 'केडीएम' लिहिलेलं वाचकांना आठवत असेल. त्या डागकामात कॅडमियम असतं. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्यानं सक्तीचा झाला. नव्या सोन्यात केडीएमचं डागकाम कमी झालं असलं, तरी मोडीत जुने दागिने येतातच, आणि चांदीच्या काही डागांतही कॅडमियम असतं. तांबं बसवण्याइतका चुना घातला, की कॅडमियम बरंचसं पाण्यातच राहतं. ते खाली बसायला पाणी कितीतरी जास्त क्षारी करावं लागतं. मूत्रपिंडं बिघडवणाऱ्या या धातूसाठी पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानं लिटरमागे 0.003 मिलिग्रॅमचीच परवानगी दिली आहे. ते धरायला निसर्गाने आधीच पेप्टाइड केलेली आहेत. 1957 मध्ये मार्गोशेस आणि व्हॅली यांना घोड्याच्या मूत्रपिंडात कॅडमियमला चिकटणारं एक छोटं प्रथिन सापडलं, सिस्टिन या अमिनो आम्लानं भरलेलं. त्यातलं गंधक कॅडमियमला सोडत नाही. वनस्पतीही असंच पेप्टाइड बनवून विषारी धातू गुंडाळून ठेवतात. म्हणून आम्ही हिस्टिडीनच्या जागी सिस्टिन घातलं.

चुन्यानं मारलेल्या पाण्यातून हे मणी फिरवले. कॅडमियमचं प्रमाण खाली आलं, पण ते आधीच फार नव्हतं. एवढ्या केडीएम मोडीत कॅडमियम कमी कसं, हा हिशेब मला छळत होता. उत्तर मुशीत होतं. चांदी 962 अंशांना वितळते, सोनं 1064 अंशांना. कॅडमियम 767 अंशांना उकळतं. मामा मोड वितळवायला ठेवतात, तेव्हाच त्यातलं बरंच वाफ होऊन हवेत जातं आणि भट्टीसमोर बसलेल्या माणसाच्या छातीत. पाण्यापर्यंत पोचतं ते उरलेलं.

हे सांगितल्यावर मामा लगेच काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "धुरानं कारागीर जातात हे आम्हाला ठाऊक आहे. फक्त नाव ठाऊक नव्हतं." भट्टीवर एक पंखा होता, तो धूर गल्लीत टाकायचा. गल्लीत समोर लॉजच्या खिडक्या आणि खाली पनीरवाला.

पनीरवाल्याकडे मी वेगळ्या कारणानं गेले होते. झुरिचमध्ये 2016 साली बोलिसेट्टी आणि मेझेंगा यांनी दुधाच्या निवळीतल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचे तंतू कोळशाबरोबर मिसळून पाण्यातले जड धातू गाळून दाखवले. आमच्या शुद्ध पेप्टाइडच्या मानाने ते फुकटच म्हणायचं. पण पनीर करताना दूध उकळलेलं असतं आणि ते प्रथिन पनीरबरोबरच निघून जातं, त्यामुळे तिथल्या निवळीत फारसं काही हाती लागत नाही. चीजच्या कारखान्याची निवळी लागेल, आणि ती पहाडगंजात कुठून आणणार.

मामांचा धाकटा मुलगा फॅब्रिकेशनचं काम करतो. त्यानं भट्टीवर पत्र्याचं धुराडं बसवलं आणि त्याचं तोंड पाणी फिरणाऱ्या पिंपात सोडलं. धूर पाण्यातून जातो, पाणी आंबट होतं आणि कॅडमियमचं भस्म त्यात उतरतं. आता जेलला खरंच काम आहे, पण पुन्हा चुन्यानंतर, आणि पिंपाचं पाणी आधी बसवून, गाळून घेतल्यावर. मणी किती वेळा आम्लानं धुऊन वापरता येतात, कितव्या वेळेपासून सिस्टिनचं गंधक हवेतल्या ऑक्सिजननं मरायला लागतं, हे मी सध्या पाहते आहे. सुटलेलं कॅडमियम शेवटी एका बरणीत गोळा होतं आणि ती बरणी कुठे द्यायची याचा छोट्या भट्टीवाल्याला मार्ग नाही. घातक कचरा घेणाऱ्या कंपन्या टनांत बोलतात.

मागच्या वेळी मामांनी किमतीचा विषय काढला. "किलोला काय भाव पडेल तुझा?" मी ग्रॅमचा भाव सांगितला. त्यांनी काट्यावरचं चांदीचं वजन खाली ठेवलं आणि पनीरवाल्याच्या निवळीचं काय झालं, ते पुन्हा एकदा सविस्तर विचारलं.