गोटी

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर सोड्याची गाडी दिसली की आण्णा थांबायचेच. गाडीवाला लाकडी दट्ट्या बाटलीच्या तोंडावर ठेवून तळहाताने दाबायचा. 'टॉक्' आवाज, मागोमाग फेस, आणि गोटी मानेतल्या खाचेत. पिऊन झालं की बाटली परत द्यावी लागे, आणि आतल्या गोटीसाठी माझा जीव तुटायचा. एकदा फुटक्या बाटलीतली हिरवट गोटी मिळाली, ती अजून देवघराच्या कोनाड्यात आहे.

अनेक वर्षांनी मंगळवार बाजारात, जुन्या पितळेच्या ढिगात, मातीने भरलेली एक बाटली सापडली. राखेने घासली तेव्हा काचेतच उठवलेली अक्षरं बोटाला लागली: डॅन रायलँड्स, बार्न्सली. त्या रात्री झोप आली नाही. इंग्लंडातल्या यॉर्कशायरची काच सोलापुरात!

मग शोधत गेलो. हायरम कॉड या इंग्रजाने 1872 मध्ये या बाटलीचं पेटंट घेतलं. रायलँड्स त्याच बाटल्या बनवणारा. बुचाऐवजी गोटी, ही खरी अक्कल. बाटली उलटी धरून भरायची. गोटी तोंडाशी येते आणि आतला वायूच तिला रबरी वायसरवर घट्ट दाबून धरतो. जो दाब एरवी बूच उडवून देतो, त्यालाच कॉडने राखणीला बसवलं. गोटी आत घालून मगच तोंड घडवतात, म्हणून बाटली फोडल्याशिवाय ती निघत नाही. जगभरच्या पोरांनी त्यापायी बाटल्या फोडल्या, आणि आज संग्राहकांना अखंड बाटली मिळणं मुश्कील झालंय.

1892 मध्ये अमेरिकेत पत्र्याचं झाकण आलं आणि पुढे इंग्लंडात गोटी मागे पडली. आपल्याकडे ती राहिली. मुंबईतली ड्यूक्स ही सोडा कंपनी 1889ची, पुण्यातली अर्देशिर 1884ची. या नावांचा माग लागतो. पण गावोगावच्या लहान सोडावाल्यांची नावं बहुधा काचेवरच उरली आहेत. बाटली परत यावी म्हणून कित्येकजण आपलं नाव काचेत उठवून घेत. आता मी कुठलीही जुनी बाटली आधी बोटाने वाचतो. माझ्या बाटलीची मागची बाजू मात्र कोरी आहे.

गेल्या उन्हाळ्यात नवा वायसर बसवून ती एका सोडावाल्याकडे नेली. त्याने तोंडावरून अंगठा फिरवला, एका जागी थबकला.

"टवका गेलाय, काका. भरली तर फुटंल. घरीच ठेवा."

आणि त्याने आपल्या क्रेटमधली एक बाटली माझ्यासमोर 'टॉक्' केली. उभ्याउभ्या प्यालो आणि बाटली परत दिली.